ब्रुकलँड्स म्युझियम, वेब्रिज : नेस तळ्यातून काढलेलं बॉम्बर, आणि ते अर्धं उघडं ठेवलंय तेच बरं केलंय

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ लावते. लंडनच्या आसपास राहत असाल किंवा फिरायला आला असाल आणि घरात एकालाही नट-बोल्ट, रिव्हेट, मशीन, गाडी, विमान यातलं काहीही आवडत असेल तर ब्रुकलँड्सला जा. पाचपैकी पाच देते. आणि हे पाच कॉन्कॉर्डसाठी नाहीत, रेसिंगच्या जुन्या गाड्यांसाठी पण नाहीत, ते एका मोडक्या विमानासाठी आहेत जे पंचेचाळीस वर्षं तळ्याच्या तळाशी पडून होतं.

जायचं सोपंय. वॉटर्लूवरून वेब्रिजची ट्रेन पकडायची, साधारण अर्धा तास, पुढे स्टेशनवरून चालत जाता येतं. पोरं लहान असतील तर आधी सगळी कॉन्कॉर्डकडे ओढतात (आत जायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे, बुकिंग करतानाच बघून घ्या), मग बस म्युझियम, मग रेसट्रॅकचा तो तिरका चढ जो १९०७ साली बांधला आणि जगातला मुद्दाम रेसिंगसाठी बांधलेला पहिला ट्रॅक म्हणून ओळखला जातो. हे सगळं छान आहे, त्याचे रिव्ह्यू ढिगाने सापडतील, मी त्यात वेळ घालवत नाही.

मी लिहितेय ते वेलिंग्टनबद्दल, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बरबद्दल. नंबर एन २९८०, हाक मारायचं नाव ‘आर फॉर रॉबर्ट’.

हे विमान इथेच बांधलं होतं, ब्रुकलँड्सच्या व्हिकर्स कारखान्यात, १९३९ च्या नोव्हेंबरात पहिल्यांदा उडालं. म्हणजे महायुद्ध सुरू होऊन जेमतेम दोन-अडीच महिने झालेले. आणि लगेच १८ डिसेंबरला ते जर्मनीच्या किनाऱ्याजवळच्या हेलिगोलँडच्या लढाईत गेलं. त्या वेळी ब्रिटिशांचा समज असा की बॉम्बर विमानं एकमेकांना चिकटून नीट रचनेत उडाली तर स्वतःच्या मशीनगनवर स्वतःला वाचवतील, सोबत फायटर नकोत, दिवसाढवळ्या जायला हरकत नाही. चोवीस वेलिंग्टन निघाली, दोन वाटेतून परतली, बावीस पुढे गेली आणि त्यातली बारा गेली ती गेलीच. जर्मन फायटर बाजूने यायची आणि वेलिंग्टनच्या तोफा पुढे-मागे वळायच्या, बाजूला नीट वळायच्याच नाहीत. पेट्रोलच्या टाक्यांना गोळी लागल्यावर आपोआप बुजणारं अस्तर नव्हतं, त्यामुळे ठिणगी पडली की खेळ खलास. या एका दुपारनंतर ब्रिटिश बॉम्बर हळूहळू रात्री उडायला लागले. आपलं हे रॉबर्ट वाचलेल्या दहांपैकी एक. लढाईतून परत आलं आणि शेवटी पडलं ते ट्रेनिंगच्या फ्लाइटमध्ये! नशीब म्हणतात ते हेच.

झालं असं की १९४० च्या ३१ डिसेंबरला, ऐन वर्षाच्या शेवटच्या दिवशी, लॉसीमथच्या ट्रेनिंग युनिटमधून हे निघालं, स्कॉटलंडच्या डोंगरात बर्फ सुरू झालं आणि एक इंजिन बंद पडलं. पायलट स्क्वाड्रन लीडर मारवुड-एल्टन यांनी बाकीच्यांना उड्या मारायला सांगितलं. मागचा गनर सार्जंट फेन्सम याचं पॅराशूट विमानाला अडकून फाटलं आणि तो गेला. बाकीचे वाचले. पायलट आणि त्याचा सोबती दोघंच विमानात उरले, ढगांतून खाली लांबलचक पाणी दिसलं, तिथेच उतरवलं, रबरी होडी काढून काठाला लागले आणि रस्त्यावर ट्रकला हात केला. विमान बुडालं नेस तळ्यात. हो, तेच नेस, राक्षसवालं.

आणि सापडलं पण राक्षसामुळेच. १९७६ मध्ये अमेरिकन मंडळी सोनार, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं शोधणारं यंत्र, घेऊन नेसीला म्हणजे त्या राक्षसाला शोधत होती, पडद्यावर काहीतरी मोठं दिसलं, ते निघालं विमान. मग एडिंबराच्या हेरियट-वॉट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी कॅमेरा खाली सोडून ते वेलिंग्टन असल्याचं पक्कं केलं. साधारण सत्तर मीटर खोल. वर काढायला १९८५ चा सप्टेंबर उजाडला, आणि तेही सुखासुखी नाही, उचलायसाठी बनवलेली लोखंडी चौकट पहिल्या खेपेला दगा देऊन गेली, दुरुस्त करून परत प्रयत्न केला तेव्हा २१ तारखेला विमान पाण्याबाहेर आलं. मागच्या दिव्यांना बॅटरी जोडली तर ते लागले म्हणे. पंचेचाळीस वर्षं पाण्यात! आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातला दिवा एक पावसाळा काढत नाही.

मग ते मोठ्या ट्रेलरवर घालून सरळ इथे आणलं, जिथे बांधलं होतं तिथेच. यात रोमँटिक काही नाही, साधा हिशोब आहे, ते विमान कसं बांधायचं हे माहीत असलेले लोक याच भागात राहत होते. व्हिकर्समध्ये आयुष्य काढलेले रिटायर्ड कामगार स्वयंसेवक म्हणून आले आणि वर्षानुवर्षं येत राहिले.

आता मुद्दा. त्यांनी ते विमान नवंकोरं केलेलं नाही. काही भागांवर कापड चढवून रंग दिलाय, पण बराचसा सांगाडा तसाच उघडा ठेवलाय, आणि मला वाटतं या म्युझियमने घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय हाच. कारण वेलिंग्टनमध्ये बघण्यासारखं जे आहे ते कापडाखाली आहे.

बार्न्स वॉलिस हा त्याचा इंजिनिअर. आधी तो आर १०० नावाच्या एअरशिपवर काम करायचा, तिथून त्याच्या डोक्यात ही जाळीची कल्पना आली. नेहमीच्या विमानाला गोल कड्या, लांब पट्ट्या आणि वरून पत्रा असतो. याला पत्रा नाहीच. बुरुडाने दुरडी विणावी तशा ड्युरॅल्युमिनच्या (अॅल्युमिनियमचा मिश्रधातू) पट्ट्या तिरक्या एकमेकींना छेदत सगळ्या अंगावर फिरतात आणि प्रत्येक छेदाच्या जागी छोटी पट्टी टाकून जोड. एका दिशेच्या पट्टीवर ताण आला की तिला छेदणारी दाबली जाते, दोघी एकमेकींचा भार वाटून घेतात. त्यामुळे मध्ये भलं मोठं भोक पडलं तरी भार बाजूने वळसा घालून जातो आणि विमान घरी येतं. या विमानांचे त्या काळातले फोटो बघा, अख्ख्या बाजूचं कापड जळून गेलंय, आतली जाळी दिसतेय आणि पायलट बाजूला उभा राहून हसतोय. वजनाला हलकं, आतून मोकळं, कारण मध्ये आडवं-उभं काही येतच नाही. वरून आयरिश लिननचं कापड आणि त्यावर डोप म्हणजे एक प्रकारचं लुकण, ज्याने कापड वाळताना ढोलाच्या चामड्यासारखं... नको, एक उपमा पुरे, घट्ट ताणलं जातं एवढंच.

माझ्यासोबत बाबा होते. बाबा दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, बॉडी सेक्शन, म्हणजे अख्खी हयात अॅल्युमिनियमचे पत्रे आणि रिव्हेट. लंडन आय, राजवाडा वगैरे त्यांनी ‘हं, बघितलं’ अशा चेहऱ्याने उरकलं होतं. इथे मात्र हँगरमध्ये शिरले, हात मागे बांधले आणि शेपटीकडून सुरुवात करून एकेक जोड बघत पुढे सरकायला लागले. जावईबापू दोनदा बोलवायला आले, दोनदा परत गेले.

मला हाक मारली. “अगं इकडे ये, ही पट्टी बघ आणि ही बघ.” मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या. मग म्हणाले नीट बघ, याच्यावर देवीचे व्रण आल्यासारखे खड्डे आहेत, कडा खाल्लेली आहे, रंग मळकट आहे, हा तळ्यातला माल. आणि ही शेजारची सपाट, कड धारदार, रिव्हेटची डोकी सगळी एकसारखी, ही नंतर करून बसवलेली. एकदा ते कळल्यावर मला पण दिसायला लागलं आणि मग पुढचा सगळा वेळ आम्ही बापलेक जुनं-नवं असंच खेळत होतो. कुठेही जुन्याला रंग फासून नव्यासारखं करायचा प्रयत्न नाही, नव्याला मळवून जुनं दाखवायचा पण नाही.

बाबांचा एक प्रश्न होता. बसचं पॅनेल बसवताना एक माणूस बाहेरून रिव्हेट ठोकायची गन लावतो आणि दुसरा आतून डॉली म्हणजे लोखंडी ठोकळा धरतो, तेव्हा रिव्हेट बसतो. शेपटीच्या टोकाला हे अंग इतकं निमुळतं होतं की आत माणूस मावणार नाही, मग डॉली धरली कोणी? तिथे एक स्वयंसेवक आजोबा उभे होते, मी त्यांना विचारायला तोंड उघडणार तोवर बाबांनीच कपाळावर हात मारला. “अगं जाळीच आहे ना! हात कुठूनही आत जातोय, कापड सगळ्यात शेवटी.” मी ते आजोबांना इंग्लिशमध्ये सांगितलं तर ते खूश झाले आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं माझी दुभाषी म्हणून ड्युटी लागली. अशी माणसं त्या हँगरमध्ये असतात ही त्या तिकिटाची खरी वसुली आहे. विचारा, लाजू नका, त्यांना विचारलेलं आवडतं.

त्यांच्याशी बोलताना लक्षात आलं की असलं विमान पाण्यात जितकं सुरक्षित असतं तितकं बाहेर काढल्यावर नसतं. नेसचं पाणी गोडं आणि थंड, त्यात अॅल्युमिनियमचा मिश्रधातू तग धरतो. बाहेर आलं, हवा लागली, की खरा गंज सुरू. त्यात स्टीलचा बोल्ट ड्युरॅल्युमिनला चिकटून असला आणि ओल असली की ड्युरॅल्युमिन खाल्लं जातं. बाबा म्हणाले हे तर आमच्याकडे प्रत्येक पावसाळ्यात, कोकणातून आलेली गाडी वेगळी ओळखू यायची. खाऱ्या पाण्याचं तर विचारूच नका. २०१३ मध्ये इंग्लिश खाडीतल्या गुडविन सँड्सवरून एक जर्मन डॉर्नियर बॉम्बर वर काढलं, ते कॉसफर्डच्या आरएएफ (ब्रिटिश एअर फोर्स) म्युझियमला नेऊन प्लास्टिकच्या बोगद्यात ठेवलं आणि त्यावर सायट्रिक अॅसिडचं पातळ पाणी फवारत बसले. सायट्रिक अॅसिड म्हणजे लिंबात असतं ते! समुद्रातली शंखशिंपल्यांची पुटं आणि क्षार काढायला. त्याला रीस्टोअर करणं हा प्रश्नच नव्हता, जे आहे ते टिकवणं हेच काम.

याच्या दोन टोकांची दोन उदाहरणं देते म्हणजे मी ब्रुकलँड्सला पाच का दिले ते कळेल. दोन्ही हॅलिफॅक्स बॉम्बर, दोन्ही नॉर्वेच्या तळ्यांतून काढलेली. पहिलं लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये आहे. १९४२ च्या एप्रिलात जर्मन टिरपिट्झ युद्धनौकेवर हल्ला करायला गेलं होतं, आग लागल्यावर गोठलेल्या तळ्यावर उतरवलं, १९७३ मध्ये बाहेर काढलं आणि जसं आलं तसंच ठेवलंय, काळपट, वाकलेलं, तुटकं. मी पाहिलंय. अंगावर येतं, खोटं नाही सांगत, पण ज्याला विमानातलं काही कळत नाही त्याला पाच मिनिटांत भंगार वाटायला लागतं, माझ्या नवऱ्याला वाटलं. दुसरं कॅनडात ट्रेंटनला आहे, ते १९४५ च्या एप्रिलात पाडलं गेलं, १९९५ मध्ये म्योसा तळ्यात दोनशेहून जास्त मीटर खोलीवरून काढलं आणि दहा वर्षं खपून २००५ मध्ये पूर्ण उभं केलं, रंगरंगोटीसकट. ते मी फक्त फोटोत बघितलंय, मेहनत अफाट आहे, टोपी काढावी अशी. पण फोटो बघताना मला राहून राहून वाटतं की यातलं तळ्यातलं किती आणि वर्कशॉपमधलं किती हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. विमान परत मिळालं, पण त्याच्यावर काय बेतलं होतं ते पुसलं गेलं.

ब्रुकलँड्सवाल्यांनी मधला रस्ता पकडलाय, आणि मधला रस्ता बहुतेक वेळा बोटचेपेपणा असतो पण इथे तसं नाही. विमान चाकांवर उभं आहे, आकार पूर्ण समजतो, सव्वीस मीटरचे पंख म्हणजे काय ते मान वळवून बघावं लागतं, आणि तरी ते पडलं होतं हे तुमच्यापासून लपवत नाहीत.

आपल्याकडचं आठवून जरा वाईट वाटतं. चौकात खांबावर चढवलेलं विमान तुम्हीही बघितलं असेल, कुठलं ते नाव घेत नाही, दर काही वर्षांनी त्याच्यावर ऑइल पेंटचा आणखी एक थर, चाकाच्या खोबणीत पारव्यांची घरटी, फलकावर विमानाचं नाव पण धड नाही. आणि हे आपल्याला जमत नाही म्हणावं तर तसंही नाही. लढाई संपल्यावर कानपूरला अमेरिकन बनावटीची लिबरेटर बॉम्बर मोडतोड करून टाकून दिलेली होती, कोणी वापरू नये म्हणून मुद्दाम नासवलेली. १९४८ मध्ये एचएएल या आपल्या सरकारी विमान कारखान्याच्या लोकांनी तीच गोळा केली, एकाचं याला त्याचं त्याला करून उडण्याइतपत केली, मग बंगळूरला उडवत नेऊन नीट केली आणि आपल्या एअर फोर्सने ती १९६८ पर्यंत वापरली. १९५१ मध्ये सहा नंबर स्क्वाड्रन पुण्यातच परत उभी राहिली ती याच लिबरेटरवर. वापरून झाल्यावर त्यातलं एक इथल्या आरएएफ म्युझियमला मिळालं. म्हणजे भंगारातून बॉम्बर उभं करायची विद्या आपल्याकडे त्यांच्या आधी होती, जपायची राहिली. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “त्यांना गरज होती म्हणून केलं, यांना वेळ आहे म्हणून करतात.” त्यात पण तथ्य आहे.

असो. अजून एक गोष्ट जी तिथे गेल्यावर जाणवते, हे म्युझियम म्हणजे नुसती मांडलेली खेळणी नाहीत, हा कारखानाच होता. ४ सप्टेंबर १९४० ला इथे जर्मन बॉम्ब पडले आणि ऐंशीहून जास्त कामगार गेले, दुपारच्या जेवणाच्या सुमारास. वेलिंग्टनं एकूण ११,४६१ बनली, त्यातली अडीच हजारांवर वेब्रिजची, बाकी चेस्टर आणि ब्लॅकपूलकडची. १९४३ मध्ये चेस्टरजवळच्या ब्रॉटनच्या कारखान्याने तर पैज लावल्यासारखं एक विमान चोवीस तासांच्या आत बांधून उडवून दाखवलं. इतक्या हजारांतली आज दोन शिल्लक आहेत. दोन! कारण जाळीवरच्या कापडाचे दिवस संपले, विमानं वेगवान झाली तशी त्यांना पत्र्याचीच कातडी हवी झाली, जाळी बांधायला माणसं पण जास्त लागायची, आणि लढाई संपल्यावर ही सगळी भट्टीत गेली. रॉबर्ट तळ्यात बुडालं म्हणून वाचलं.

काही कामाच्या सूचना. वेलिंग्टन सकाळी आधी बघा, कॉन्कॉर्ड पळून जात नाही, दुपारनंतर पोरं किरकिर करतात आणि मग सांगाडा बघायला कोणाच्यात दम नसतो. उन्हाळ्यात गेलात तरी जाकीट असू द्या, मैदान मोकळं आहे, वारं लागतं आणि ज्येष्ठांना तर हमखास. चालणं भरपूर आहे पण बसायला जागा मिळते. खायला कॅफे आहे, सँडविच-केक टाइप, बाबांनी चहा घेतला आणि काही बोलले नाहीत म्हणजे चांगला असावा. आम्ही थालीपीठं नेली होती. मोबाइलच्या टॉर्चने जाळीच्या आत बघायचा मोह होईल, मला झाला, पण डोळे जरा सरावले की तशीच बरीच दिसते. चार वर्षांच्या पोराला यातलं काही पोचणार नाही, आमचं आठ वर्षांचं आहे त्याला राक्षस शोधताना विमान सापडलं एवढंच पोचलं आणि तेवढ्यावर त्याने आजोबांना परतीच्या ट्रेनमध्ये वेब्रिज ते वॉटर्लू पिडलं.

उरलेलं दुसरं वेलिंग्टन कॉसफर्डला आहे, ते पाण्यातलं नाही, तिथे आमचं जाणं अजून झालेलं नाही. कोणी बघून आलं असेल तर त्याचं कापडाचं काम कसं झालंय ते सांगा, बाबा पुढच्या वर्षी परत येणारेत आणि आत्तापासून विचारतायत.